दगडूच्या बाप्तिस्म्याचं पाणी

सारी नोकरी मी नर्स म्हणून केली, तर लोक मला दवाखान्याचे किस्से विचारतात. दवाखान्यात कुठले आले किस्से? तिथं माणूस आडवा पडला की गप होतो. किस्से साठतात ते मंडळीत, कारण तिथं प्रत्येकाला तोंड आहे अन् ऐकायला बाकावर बसलेली माणसं आहेत. सांगायला बसले की एकाला दुसरा चिकटून येतो, अन् चहा निवून जातो.

आमची अहमदपूरची ख्रिस्ती मंडळी म्हणजे हाताच्या बोटावर मोजावीत एवढी घरं. लोह्याच्या रस्त्याला पत्र्याचं चर्च, पुढं एक हौद, मागं लिंब. अन् भांडण कायम एकच. माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, ती एकदाच होऊन जाते का रोज थोडी थोडी होत राहते? दुसरीकडं लोक बांधावरून भांडतात. आमच्यात ह्याच्यावरून बोलणं बंद व्हायचं. ह्यातले काही किस्से असे की आजही आठवले तर हातातलं काम थांबतं माझं.

* * *

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात साक्ष द्यायची रीत होती. एकेकानं उभं राहायचं अन् आपलं तारण कोणत्या दिवशी झालं ते सांगायचं. योहान मास्तर नेहमी पहिले. शाळेतून रिटायर झालेले, मंडळीचे वडील, म्हणजे आमच्यातले पंच, आवाज असा की बाहेरच्या शेळ्या थांबायच्या. "माझं तारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. भर दुपारी, शाळेमागच्या लिंबाखाली. पायाला मुंग्या चावून राहिल्या होत्या, पण मी गुडघ्यावरून उठलो नाही. तिथंच सगळं पुरं झालं." दर महिन्याला हेच, मुंग्यांसकट. आम्हाला पाठ झालं होतं.

एका रविवारी शिमोन कंडक्टर उभा राहिला. एसटीत होता, अहमदपूर-लातूर गाडीवर. म्हणाला, "माझं तारण अजून चालू हाय. आज सकाळीच डेपोत एका म्हाताऱ्याला शिवी दिली. झालं असतं तर दिली असती का?"

बायकांचे पदर तोंडाला गेले. साक्षीत शिवीचं नाव! मास्तर ताडकन उठले. "शिमोन, एकदा तिकीट काढलं की काढलं. तिकीट काढलेल्या माणसाला कुणी मधीच उतरवतं का?"

"मी उतरवलंय की," शिमोन म्हणाला. "लातूरच्या अलीकडं. दोघांला. दारू पिऊन दंगा करून राहिले होते."

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. त्यांनी कुठलं गीत म्हणायचं ते सांगितलंच नव्हतं, म्हणून अर्ध्या मंडळीनं नाताळचं धरलं.

* * *

आता दगडूचं सांगते, कारण पुढचं सारं त्याच्याभोवतीच आहे.

दगडू मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. त्याची बायको मार्था आमच्यातली, जन्मापासून ख्रिस्ती. ती बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. लोह्याच्या रस्त्यालाच आमची दफनभूमी आहे, तिथं बाभळीखाली तिला ठेवली. तिच्या उजव्या बाजूला जागा मोकळी होती. दगडूनं त्या दिवशी ती जागा पायानं साफ केली अन् पाळकसाहेबांना विचारलं, "मला इथं ठेवाल न्हवं?"

पाळकसाहेब म्हणाले, "बाप्तिस्मा झालेल्यालाच."

त्या दिवसापासून दगडू बाप्तिस्म्याचा उमेदवार झाला. उमेदवारानं मागच्या बाकावर बसायचं अन् प्रभुभोजन, म्हणजे भाकर अन् द्राक्षरस वाटणं, सुरू व्हायच्या आधी बाहेर जायचं, अशी आमच्यातली रीत. तो पायरीवर जाऊन बसायचा, आमच्या चपला कुत्र्यांपासून राखायचा. पुढं बाप्तिस्म्याआधी मंडळीच्या वडिलांसमोर त्याची परीक्षा झाली. मी फरशी पुसून घेत होते, म्हणून ऐकलं. मास्तरांनी विचारलं, "तुझं तारण कोणत्या दिवशी झालं?"

दगडूनं बोटांवर दिवस मोजून बघितले. मग म्हणाला, "दिवस न्हाई सांगता येत, मास्तर. व्हायलंय, चालू हाय असं वाटतं."

"वाटतं?" मास्तर म्हणाले. "वाटतं म्हणून कुणी स्वर्गात जातं का?"

पुढच्या वर्षी या म्हणाले त्याला. बाभळीखाली जागा पाहिजे म्हणून आलेला माणूस, अन् शाळेतल्यासारखा नापास केला. मला वाटलं होतं, फरशीचं फडकं तिथंच टाकून काहीतरी बोलावं. पण मास्तरांपुढं कोण बोलतंय.

* * *

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हाचं ऐका. गावात फटाके, मोंढ्यात गुलाल. मास्तर चर्चच्या पायरीवर पेढे वाटून राहिले होते. शिमोननं पेढा तोंडात टाकला अन् विचारलं, "मास्तर, जिल्हा झाला?"

"झाला. रेडिओवर सांगितलं."

"कायमचा?"

"कायमचा. कामून विचारून राहिलास?"

"न्हाई, माझा मेहुणा कागद काढायला लातूरला गेला, तर कागद अजून उस्मानाबादहून येऊन राहिलेत म्हणाले. टेबलं यायचीत, कपाटं यायचीत. म्हणजे बघा, जिल्हा झालाय बी, अन् व्हायलाय बी. मग माणसाचं तारण तसं असायला काय हरकत हाय?"

मास्तरांच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा गप झालेलं बघितलं, अन् खरं सांगते, भीतीच वाटली. माणसाला काही झालं की काय म्हणून मी नाडी बघायला पुढं झाले. त्यांनी माझा हात झटकला. पेढा गिळून म्हणाले, "जिल्हा माणसांनी केलाय. तारण देवानं केलंय. देवाचे कागद मागं राहत नाहीत."

शिमोननं दुसरा पेढा उचलला. सगळे मास्तरांकडं कौतुकानं बघून राहिले होते, तेवढ्यात खालच्या पायरीवरून दगडू म्हणाला, "मग मास्तर, माझाच कागद कुठं अडकलाय?"

मास्तरांनी त्याला पेढा दिला. दुसरं काही दिलं नाही.

* * *

पुढं पाळक बदलून आले. नवे पाळकसाहेब नांदेडकडचे, तरणे, चष्मा लावणारे. मास्तरांचा दगडूवर राग नव्हता बरं का. पोरगं नापास राहिलं की मास्तरलाच कमीपणा वाटतो, तसं त्यांना वाटायचं. त्यांनी दगडूला घरी बोलावून तयार केलं. "दिवस सांगायचा. ठिकाण सांगायचं. अडखळायचं नाही."

"पण मास्तर, असा दिवस झालाच न्हाई."

"नीट आठव. झाला असंल."

परीक्षेला दगडू अंघोळ करून, तेल लावून आला. नव्या पाळकसाहेबांनी विचारलं, "दगडू, तुमचं तारण झालं का?"

दगडूनं डोळे मिटून म्हणून टाकलं, "झालं साहेब. मंगळवारी. मोंढ्यात, हरभऱ्याचं पोतं उचलताना. सगळं पुरं झालं."

"म्हणजे आता तुम्हाला काही करायचं राहिलं नाही?"

"न्हाई साहेब. काहीच न्हाई."

नव्या पाळकसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "हा गर्व झाला. तारण म्हणजे आयुष्यभराची वाट आहे. जो पोचलो म्हणतो तो निघालेलाच नसतो." अन् पुढच्या वर्षी या म्हणाले!

मी चाट पडले. मास्तर भिंतीला टेकले. नवे साहेब शिमोनच्या पक्षाचे निघतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. शिमोन ड्युटीवरून आला अन् डोकं धरून बसला. "अरे, मला तरी विचारायचं होतंस. ह्या साहेबांला तुझं पहिलंच उत्तर पाहिजे होतं!"

दगडू माझ्याकडं बघून म्हणाला, "सिस्टर, मागं खरं बोललो तर नापास झालो. आता खोटं बोललो तरीबी नापास. आता आणखी काय बोलायचं राहिलं?"

मी त्याला चहा दिला.

* * *

दगडूचा मोठा भाऊ किसन भीमनगरात राहायचा, चर्चच्या भिंतीला लागून. त्यांचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध. तो एकदा कंपाउंडवरून वाकून मास्तरांना म्हणाला, "मास्तर, एक विचारू? आमच्या बापानं एका दिवसात दीक्षा घेतली. सकाळी गेला, संध्याकाळी बौद्ध होऊन आला. माझ्या भावाला तुम्ही इतकी वर्षं दारात बसवलंय. तुमच्यात लईच कडक काम हाय का?"

मास्तरांना एवढा आनंद झालेला मी बघितला नव्हता. नव्या पाळकसाहेबांकडं वळून म्हणाले, "ऐका. एका दिवसात. मी काय सांगत होतो?"

किसन म्हणाला, "दीक्षा एका दिवसात झाली हो. बापाची दारू सुटायला मातर माझं लगीन व्हावं लागलं."

आता पाळकसाहेब हसले. दोघंही जिंकले अन् दोघंही घरी गेले. दगडू पायरीवरच होता.

* * *

मग तो दुष्काळ आला. मांजरा नदी आटली, हातपंप नुसते हवा ओढायचे. भीमनगरला टँकर यायचा, तोही मनात आलं तर. अन् नेमकं ह्याच वर्षी पाळकसाहेबांचं मन पाघळलं. मार्थाच्या वर्षश्राद्धासारखी आम्ही दरवर्षी तिच्या कबरीवर प्रार्थना करतो, तिथं त्यांनी दगडूला बघितलं. मोकळ्या जागेतलं गवत उपटून राहिला होता. पाळकसाहेब परत येताना म्हणाले, "परीक्षा पुरे झाल्या. येत्या रविवारी बाप्तिस्मा. पाणी नाही तर डोक्यावर शिंपडू."

मास्तर अडून बसले. "बुडवल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. गळ्याइतकं पाणी पाहिजे. शिंपडतात ते अंगण."

आमच्यात बुडवायचीच रीत, त्यामुळं बोलता येईना. मग प्रत्येक घरानं पाणी द्यायचं ठरलं. कुणी घागर, कुणी कळशी. आम्ही स्वतः वापरायचं पाणी दोनदा वापरलं. शिमोननं लातूरहून गाडीच्या टपावर कॅन बांधून आणले. शनिवारी हौद भरला. मी वाकून बघितलं तर त्यात माझं तोंड दिसलं. त्या वर्षी एवढं पाणी एका जागी मी बघितलं नव्हतं.

रविवारी दगडू पांढरे कपडे घालून आला. ते मास्तरांनीच शिवून दिले होते. पेटी वाजू लागली, गीत सुरू झालं, पाळकसाहेब झगा सावरून हौदाशी उभे राहिले. दगडूनं पायरीवर एक पाय ठेवला अन् थांबला.

भिंतीपलीकडं भीमनगरच्या बायका उभ्या होत्या. टँकर तीन दिवस आला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत, मागितलं नाही. लेकरं कडेवर, रिकाम्या घागरी भिंतीवर ठेवलेल्या. किसनची सूनही त्यात होती. सगळ्यांच्या नजरा हौदात.

दगडूनं पाय मागं घेतला. कोपऱ्यातली बादली उचलली, हौदात बुडवली अन् भिंतीवरच्या पहिल्या घागरीत ओतली.

आम्हाला कळेनाच. मला वाटलं रीत असंल काहीतरी. दुसरी बादली गेली, तिसरी गेली, तेव्हा मास्तर ओरडले, "दगडू! ते तुझ्या तारणाचं पाणी आहे."

"हाव, मास्तर," दगडू म्हणाला. "पण ते त्यांच्या तहानंचं पाणी हाय." अन् चौथी बादली ओतली.

पेटीवाल्याची पाठ होती, त्याला काही दिसलं नाही, म्हणून गीत चालूच राहिलं. आम्ही उभे राहून गात होतो अन् हौद खाली जात होता. पाळकसाहेब झग्यातच खाली वाकले अन् घागरी पुढं सरकवू लागले. शेवटी तळाचं शेवाळ दिसलं. दगडूनं बादली पालथी घातली, पांढरे कपडे तसेच कोरडे, अन् पायरीवर आपल्या जागी जाऊन बसला.

मास्तर त्याच्याशी पुढं कितीतरी महिने बोलले नाहीत. मला मास्तरांचा राग यायचा अन् दगडूचाही यायचा. अरे, बाभळीखालच्या जागेसाठी एवढी वर्षं बसलास, मग एक डुबकी मारून मग वाटायचं होतंस की पाणी! मी त्याला हे बोलले. तो म्हणाला, "मी बुडून निघालेलं पाणी त्यांनी प्यायचं का, सिस्टर?"

* * *

तोवर माझी बदली लातूरच्या दवाखान्यात झाली होती. एके दिवशी कॉट नंबर बघत गेले तर पुढं योहान मास्तर. मूत्रपिंडं निकामी झालेली, अंगावर सूज, आवाज पार बसलेला. डॉक्टरांनी पाणी मोजूनमापून सांगितलं होतं. सकाळी एक छोटा पेला, दुपारी एक. त्याच्यावर घोट नाही. शाळा दणाणून सोडणारा माणूस माझ्याकडं हात जोडून पाणी मागायचा अन् मला नाही म्हणावं लागायचं. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

एका दुपारी शिमोनच्या गाडीनं दगडू आला. शिमोन अन् पाळकसाहेब मोसंबी घ्यायला खाली थांबले होते. मी दुपारचा पेला घेऊन आले तर मास्तर दगडूचं मनगट धरून होते.

"दगडू," मास्तर म्हणाले, "मला काही कळेना झालंय. माझं तारण झालंय ना रे?"

मास्तर विचारून राहिले होते, अन् कुणाला? ज्याला आयुष्यभर हाच प्रश्न विचारून दारात बसवलं त्याला.

दगडू म्हणाला, "मला कामून विचारता, मास्तर? मी नापास माणूस."

"तो दिवस आठवंना मला. कोणता होता तेच आठवंना." मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगात नको तिथं पाणी साठलेलं, तरी तेही आलं.

दगडू कॉटवर टेकला. त्यानं आवाज मास्तरांसारखा केला नाही, आपल्याच आवाजात सांगितलं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. भर दुपारी. शाळेमागच्या लिंबाखाली. पायाला मुंग्या चावून राहिल्या होत्या, पण तुम्ही गुडघ्यावरून उठला न्हाई. तिथंच सगळं पुरं झालं."

"मुंग्या होत्या?"

"होत्या, मास्तर. दर महिन्याला होत्या."

मास्तरांची छाती हळूहळू शांत झाली. मग त्यांनी मला खूण केली. मी पेला दगडूच्या हातात दिला अन् म्हणाले, "हळूहळू पाज. आता सकाळपर्यंत नाही." दगडूनं त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवलं. मास्तरांनी पेला ओठाला लावला. जीभ पाण्याला लागली असंल नसंल, तोवर मागं घेतला.

"वाक," ते दगडूला म्हणाले.

त्याला वाटलं कानात काही सांगायचं असंल. तो वाकला. मास्तरांनी तो पेला त्याच्या डोक्यावर ओतला, सगळा, अन् पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं जे म्हणायचं ते बसक्या आवाजात पुरं म्हटलं.

दारात मोसंब्यांची पिशवी पडल्याचा आवाज आला. पाळकसाहेब अन् शिमोन दोघंही उभे होते. शिमोन, जो कुणालाही गप बसू द्यायचा नाही, तो टोपी काढून उभा होता.

"मार्थाच्या उजवीकडं," मास्तर त्यांच्याकडं बघून म्हणाले. "जागा राखा."

दगडूच्या नाकावरून, हनुवटीवरून पाणी चादरीवर टपकत होतं. तो रडवेला होऊन मास्तरांकडं बघत राहिला. "हे काय केलं, मास्तर? ते तुमच्या तहानंचं पाणी होतं."

"हाव," मास्तर म्हणाले, अन् रिकामा पेला माझ्या हातात दिला.